किक-ऑफनंतरचं जंगल

आमच्या फील्डमध्ये 'किक-ऑफ' नावाचा एक सण असतो. क्लायंटकडची मंडळी स्क्रीनवर हजर होतात, कुणीतरी चकचकीत स्लाईड्स दाखवतं, प्रत्येकजण आपलं नाव आणि रोल सांगतो आणि शेवटी सगळे हसतमुखाने टाटा करतात. दोन वर्षांनी त्याच प्रोजेक्टचा मूळ डेटा कुठल्या सर्व्हरवर पडलाय हे विचारून बघा. एकमेकांच्या तोंडाकडे बघण्याचा सुंदर कार्यक्रम होतो. सात वर्षांत असे बरेच सण साजरे केलेत. त्यामुळे कुठल्याही मोठ्या, अनेक देशांच्या, अनेक संस्थांच्या प्रोजेक्टबद्दल वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो: यांचा किक-ऑफ झाला, पुढे काय?

आता आयटीवाला डोंगरातल्या जंगलांच्या भानगडीत कसा पडला, ते सांगतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गावाहून काकांचा फोन आला. गाव सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. "तुझ्या त्या कम्प्युटरात बघ रे, आमचो गाव त्या यादीत आसा काय?" यादी म्हणजे पश्चिम घाटातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची. केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ ला त्या अधिसूचनेचा मसुदा काढला होता. सहावा मसुदा. पहिला २०१४ चा. एकूण ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यातले १७,३४० महाराष्ट्रात. हरकती नोंदवायला ६० दिवस.

गावात बातमी पोचली होती ती अशी की आता घराचं कौल बदलायचं तर दिल्लीची परवानगी लागणार आणि काजूची कलमं सरकारजमा होणार! मी मसुदा उघडला. भलीमोठी पीडीएफ, जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड. आमच्या गावाचं नाव सापडलं, स्पेलिंग असं की आमच्या आजीने ते ओळखलं नसतं. पण बंदी कशावर? खाणी, दगडखाणी, वाळू उपसा. नवे औष्णिक वीज प्रकल्प. सर्वांत प्रदूषणकारी असे लाल यादीतले कारखाने. २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं, मोठ्या टाउनशिप. राहत्या घराची दुरुस्ती करायला त्यात बंदी नाही. हे सगळं मी एका पानावर मराठीत लिहून काकांना व्हॉट्सॲप केलं. त्यांनी ते वाचलं, आणि परत फोन: "ह्या सगळा ठीक आसा. पण हंय कोण इलो होतो बघूक?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता माझे तीन-चार वीकेंड गेले.

आले होते, असं म्हणता येतं. २०१० मध्ये केंद्राने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सहा राज्यांत पसरलेला घाट, त्यावर आधीच काम केलेल्या ढीगभर संस्था आणि त्या प्रत्येकीची आपली वेगळी फाईल. ही सगळी माहिती एका जाळीवर बसवायची होती. समितीने घाटाचे साधारण ९ किमी बाय ९ किमीचे सुमारे २,२०० चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला गुण दिले. डेटाबेसवाल्या माणसाला वाचताना बरं वाटावं असं काम. अहवाल ३१ ऑगस्ट २०११ ला दिला गेला... आणि मंत्रालयात ठेवला गेला. केरळमधल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात तो मागितला, मंत्रालयाने नाही म्हटलं, केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये द्या म्हणून आदेश काढला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, आणि मे २०१२ मध्ये एकदाचा अहवाल लोकांसमोर आला. नऊ महिने. तेवढ्या वेळात अफवांना रान मोकळं!

मग नेमली दुसरी समिती, कस्तुरीरंगन यांची. तिने उपग्रहाच्या चित्रांवर भर दिला, चौकोनांऐवजी गाव हे एकक धरलं. आणि गंमत बघा, गाडगीळांच्या हिशेबात पश्चिम घाट म्हणजे १,२९,०३७ चौरस किलोमीटर, कस्तुरीरंगन यांच्या हिशेबात १,६४,२८०. डोंगर तोच, देश तोच, वर्षं दोन-तीन इकडेतिकडे! पहिलीने जवळजवळ सगळा घाट कमी-जास्त संवेदनशील म्हणून तीन पट्ट्यांत वाटला, दुसरीने ३७ टक्के निवडला. आता या दोन आकड्यांची तुलना करून टीव्हीवर भांडणारे लोक मी पाहिलेत. अहो, दोघांचा भागाकाराचा छेदच वेगळा आहे. आमच्याकडे असं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट कुणी आणलं तर पहिल्याच मीटिंगमध्ये परत पाठवतील.

काकांना आश्चर्य वाटलेली गोष्ट मात्र वेगळीच होती. गाडगीळ अहवालात नोंद आहे की सिंधुदुर्गातल्याच २५ ग्रामसभांनी आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले होते. म्हणजे नको म्हणणारी गावं आहेत तशी घ्या म्हणणारीही होती, आमच्या शेजारीच. खाणी डोळ्यांसमोर दिसत असल्या की माणूस वेगळा विचार करतो.

माझ्यासारख्या मीरा रोडवाल्याने यात पडायचं कारण काय, असं आमचा एक मित्र म्हणाला. त्याला गच्चीवर नेऊन काशिमीऱ्याच्या मागचे डोंगर दाखवले. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आमच्याकडचा भाग. उद्यानाभोवतीचं संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालं, कुठे १०० मीटर रुंद, कुठे ४ किलोमीटर. आमच्या बिल्डिंगमधल्या दर दुसऱ्या माणसाला फ्लॅटचा दर तोंडपाठ आहे, ही रेषा कुठून जाते ते विचारलं तर "ते वनखात्याचं काहीतरी" एवढंच. असो.

तर इतर लोक हे कसं करतात म्हणून युरोपकडे वळलो. तिथे 'कॉस्ट' नावाची योजना १९७१ पासून आहे. तिची एक अट मला फार आवडली: ती संशोधनाला पैसे देतच नाही! पैसे मिळतात ते एकत्र येण्यासाठी. बैठका, तरुण संशोधकांना दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत काही आठवडे पाठवणं, प्रशिक्षण शिबिरं. मोजमापाचा खर्च ज्याचा त्याने करायचा. याच योजनेतून २०१६ ते २०२० मध्ये डोंगराळ भागातल्या जंगलांवर 'क्लायमो' नावाचा प्रकल्प चालला, इटलीतल्या मोलिसे विद्यापीठाच्या रॉबेर्तो तोन्येत्ती यांच्या अध्यक्षतेखाली. विषय: हवामान बदलतंय, तर आल्प्ससारख्या डोंगरांतली जंगलं कशी सांभाळायची.

आता इतक्या देशांचे वनशास्त्रज्ञ एकत्र आले म्हटल्यावर मला वाटलं लगेच झाडं मोजायला निघाले असतील. छे! 'हवामानाला जुळवून घेणारी वनव्यवस्था' म्हणजे नक्की काय, याची व्याख्या ठरवणं हेच त्यांनी एक मोठं काम मानलं. त्या व्याख्येवर २०२० मध्ये स्वतंत्र शोधनिबंध आहे, आणि ती अनेक देशांनी मिळून कशी ठरवली हे त्याच्या शीर्षकातच लिहिलंय. कुणाच्या देशात डोंगर म्हणजे लाकूड, कुणाच्या देशात डोंगर म्हणजे गावावर दरड आणि बर्फ कोसळू न देणारी भिंत, कुणासाठी पर्यटन. आधी शब्द जुळवा, मग टेप काढा. बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटणार, आमच्या मॅनेजरला तर नक्कीच :-) पण आमच्या दोन समित्यांचे दोन घाट वाचून झाल्यावर मला तो वेळकाढूपणा वाटत नाही.

त्याचं फळ काय? याच वर्तुळातल्या संशोधकांचा २०१९ चा एक निबंध घ्या. स्प्रूस, फर आणि बीच ही तीन झाडं एकत्र असलेले युरोपभरचे ६० डोंगरी भूखंड, तीस वर्षांची मोजणी. सगळ्या लाकडाची एकूण वाढ बघितली तर जवळपास जशीच्या तशी. म्हणजे डॅशबोर्ड हिरवागार, चिंता नको. पण जातवार फोड केली तर स्प्रूसची वाढ घसरलेली, फरची वाढलेली, बीच आहे तिथेच. एकाची पडझड दुसऱ्याने भरून काढली होती. वरवरच्या बेरजेत हे कधीच दिसलं नसतं, आणि एकेका देशाच्या चार-दोन भूखंडांवरून कुणी छातीठोक सांगूही शकलं नसतं. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी पहिल्यांदा टेप धरला, त्यांना २०१९ चा प्रश्न ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यांनी फक्त मोजलं आणि आकडे नीट ठेवले.

"त्यांच्याकडे पैसा आहे," हे उत्तर मला माहीत आहे, मीही तेच म्हणालो होतो. पण आपल्याच घाटात, खाली कोडगूमध्ये, उप्पंगळा इथल्या सदाहरित जंगलात १९८९-९० पासून कायमचे अभ्यासभूखंड आहेत. पाँडिचेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट आणि कर्नाटकचं वनखातं. याच संस्थेने वनखात्यांना बरोबर घेऊन १९८२ पासून दक्षिणेतल्या जंगलांचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे काढले. त्यातलं एक पान बेळगाव–धारवाड–पणजीचं आहे. भव्य उद्घाटन वगैरे झालं असेल-नसेल, पण उप्पंगळ्यातल्या झाडांना नंबर आहेत आणि तीच झाडं पुन्हा पुन्हा मोजली गेली. माणसं बदलली, निधी देणारे बदलले, झाडाचा नंबर तोच.

आणि मला सगळ्यांत भावलेली गोष्ट: मध्य पश्चिम घाटातल्या ९६ ठिकाणांचा, प्रत्येकी एक हेक्टरचा, झाडांचा डेटा त्यांनी २०१० मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकातून उघडा करून टाकला. माहितीचा अधिकार नाही, उच्च न्यायालय नाही.

मी ती फाईल एका रविवारी उतरवून घेतली. ओळीमागून ओळी, झाडाची जात, खोडाचा घेर. 'सिझिजियम' दिसलं की जांभळाच्या कुळातलं काहीतरी, एवढं मला कळतं. बाकीच्या नावांची यादी करून घेतोय. चतुर्थीला गावी जाईन तेव्हा काकांबरोबर देवराईत बसून एकेक नाव लावायचं आहे. त्यांना लॅटिन येत नाही आणि मला झाडं ओळखता येत नाहीत, त्यामुळे बहुतेक दोन चतुर्थ्या लागतील.