पाऊस, बंड्या आणि चिंगी

एप्रिल महिना, शनिवारची सकाळ, रेडिंगमध्ये पाऊस. यात बातमी काहीच नाही! आपल्या वळवासारखा गडगडाट करून मोकळा होणारा नव्हे. ही दिवसभराची पिरपिर.

आमची दोघं ग्रेहाउंड, शर्यतीतून निवृत्त झालेली. कानात गोंदलेली अक्षरं अजून आहेत. ताशी ६५ किलोमीटर पळू शकणारी ही मंडळी, पण चार थेंब पडले की दारातच पुतळे होतात. अंगावर चरबी नाही, केस तोकडे, थंडी पटकन वाजते. म्हणून आधी दोघांना रेनकोट (स्वतःचा विसरतो तो मी), मग थेम्सच्या काठाने कॅव्हरशॅमकडे. पट्टा सोडायचा नाही. ससा दिसला की संपलं, मग हाक ऐकूच येत नाही त्यांना.

गेल्या आठवड्यात बंड्या पुढचा पाय टेकवेना. चिखलात घसरला असेल, म्हटलं. पण या जातीत हाडांचा कर्करोग बराच दिसतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे सांगितला, आणि तारीख मिळाली दोन दिवसांनंतरची. ते दोन दिवस ऑफिसात कोडची एक ओळ धड लिहून झाली नाही. आई फोनवर म्हणाली, "अरे, दहावीच्या निकालालाही तू एवढा घाबरला नव्हतास!"

निघाली नुसती लचक.

आता दोन आठवडे दहा-दहा मिनिटंच चालायची परवानगी. आज कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपासूनच परत फिरलो, तर चिंगी वैतागली. बंड्या मात्र पहिल्यांदाच पावसात खुशीत. लवकर घरी जायला मिळालं ना!