ठोकण्याआधी

सत्तरच्या दशकात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये नव्या पोरानं हातोडा मागितला, की वस्तादाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कशावर मारणार हायस?" उत्तर ऐकल्याशिवाय हातोडा मिळत नसे. छिन्नी, पाचर, अडकलेला बोल्ट असेल तर पोलादी. पण बुश, बेअरिंग, पुली किंवा पिस्टनची पिन म्हटलं, की पोलादी हातोडा फळीवरच राहायचा आणि हातात यायची पितळेची सळई, नाहीतर बाभळीचा ठोकळा, नाहीतर शिशाचा बुटका हातोडा. हा शिशाचा हातोडा बाजारात मिळत नसे. जुन्या डब्यात पाइपाचा तुकडा उभा धरायचा आणि वर वितळलेलं शिसं ओतायचं. वर्षभर ठोकून ठोकून त्याचं तोंड फेंदारलं, की पुन्हा वितळवून नवा.

गोल भोकात गोल दांडा घट्ट बसवायचा, एवढंच तर काम. पण त्यात नेहमी एक कडक असतो आणि एक मऊ. पोलादी शाफ्ट आणि गनमेटलचा बुश, बिडाचं घर आणि ॲल्युमिनियमचं झाकण, पितळेचा सिलिंडर आणि चामड्याचा वॉशर. नेटानं ढकलाढकली केली, तर मरतो तो मऊच. आणि त्याचं मरण लगेच दिसत नाही, हीच खरी गोम. मशीन सुरू होतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं आणि पंधरवड्यानं तेल ठिबकायला लागतं. त्या काळातल्या वस्तादांची निम्मी अक्कल मऊ वस्तू वाचवण्यात खर्च होत होती, असं मला आज वाटतं.

कामही तसंच असायचं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला निघाली आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या ऊसपट्ट्यात विहिरीविहिरीवर डिझेल इंजिन बसलं. हंगामाच्या तोंडावर ही इंजिनं बैलगाडीतून, ट्रॉलीतून उद्यमनगरात यायची. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकातला गनमेटलचा बुश बदलणं हे रोजचं काम. जुना बुश काढल्यावर भोकाच्या काठावर उठलेली कोर आधी स्क्रेपरनं मोडायची, नव्या बुशच्या बाहेरच्या काठाला कानशीनं जरा उतार द्यायचा, तेलाच्या भोकासमोर पेन्सिलीची रेघ ओढायची. मग एक लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि पाइपाचा एक तुकडा. नट पान्यानं आवळत गेलं, की बुश सरळ रेषेत आत ओढला जायचा. हातोड्याचा एकही घाव नाही. बुश आत गेला की चेपून त्याचं भोक किंचित आवळतं आणि मघाशी सहज जाणारी पिन आता शिरत नाही, म्हणून वरून रीमर. रीमर सुलट्याच दिशेनं फिरवायचा, बाहेर काढतानासुद्धा. उलटा फिरवला तर त्याची धार जाते आणि बुशच्या अंगावर ओरखडा उठतो. शेवटी तेल लावलेली पिन अंगठ्यानं ढकलून बघायची. मायक्रोमीटर होता, पण तो कपाटात. अंगठाच माप सांगायचा.

वाइसच्या जबड्यांना तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची टोपरी घातलेली असायची. ती काढून नुसत्या दातेरी जबड्यात पॉलिश केलेला शाफ्ट धरणाऱ्याला त्या दिवशी चहा मिळत नसे.

व्हाइट मेटलची गोष्ट आणखी न्यारी. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिरानं १८३९ साली काढलेला हा मऊ मिश्रधातू आमच्याकडे शेडमध्येच वितळवून बेअरिंगमध्ये ओतला जायचा. गार झाला की शाफ्टवर निळा रंग लावून बेअरिंग त्यावर बसवायचं, फिरवायचं, उचलायचं. जिथं निळं उमटलं तिथं उंचवटा. तो तिकोनी स्क्रेपरनं खरवडायचा आणि पुन्हा तेच. सगळीकडे सारखं निळं उमटेपर्यंत अख्खा दिवस जायचा. ज्यांना आपण आज बेअरिंग शेल म्हणतो, त्या तयार वाट्या पोलादी पाठीच्या असतात आणि आतला मऊ थर इतका पातळ असतो, की त्याला स्क्रेपर लावणं म्हणजे तो काढूनच टाकणं. जुन्या हाताला ही सवय मोडायला फार जड गेलं. नव्या शेलला दोन हात तरी मारल्याशिवाय चैन न पडणारे वस्ताद मी पाहिले आहेत. त्यांच्या कौशल्यानंच चांगला माल वाया जायचा.

बॉल बेअरिंगच्या बाबतीत तर जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. साठच्या दशकात चिंचवडला एसकेएफचा कारखाना सुरू झाला आणि बेअरिंग हळूहळू सगळीकडे मिळू लागलं, पण बसवायची रीत मागचीच राहिली. आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसणार असेल तर जोर आतल्या रिंगवरच हवा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर घाव गोळ्यांमधून जातो आणि रिंगच्या चकचकीत वाटेवर गोळ्यांच्या अंतरावर बारीक खळगे पडतात. पोलादी गोळी दाबून धातूचा कडकपणा मोजायची पद्धत योहान ब्रिनेल या स्वीडिश माणसानं १९०० साली मांडली. या खळग्यांनाही त्याचंच नाव चिकटलं आहे. बेअरिंग पोलादाचं, त्यात मऊ ते काय, असं वाटेल. पण गोळी टेकते ती जागा इतकी लहान, की एका घावात कडक पोलादही तिथं दबतं. पितळेची सळई त्यावरचा उपाय मानली जायची, पण तीही निर्दोष नव्हती. तिचे बारीक कण झडून ग्रीसमध्ये मिसळायचे, आणि एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं ठोकत गेलं की बेअरिंग तिरकं चढायचं.

जाणते लोक तापवून बसवायचे. डब्यात तेल, तळाशी जाळी, जाळीवर बेअरिंग, खाली स्टोव्ह. जाळी अशासाठी, की डब्याचा तळ तेलापेक्षा जास्त तापतो आणि बेअरिंग तळाला टेकलं तर एका बाजूनं भाजतं. लहान बेअरिंग शंभर वॅटच्या बल्बवर ठेवून तापवणारेही होते. हिशेब साधा आहे. ५० मिलिमीटर भोकाचं पोलादी बेअरिंग ८० अंशांनी तापवलं, की भोक साधारण ०.०५ मिलिमीटरनं मोठं होतं, आणि नेहमीच्या घट्ट बसणीला एवढी फट पुरून उरते. बेअरिंग हातानं सरकवावं आणि गार होईतो खांद्याला दाबून धरावं. १२० अंशांच्या वर मात्र जाऊ नये. पोलादाचा कस उतरतो. आम्ही तापमान ओळखायचो ते पाण्याचा थेंब टाकून, चर्र झालं की शंभर ओलांडले. त्यानंतर वर किती गेलं, याचा अंदाज रामभरोसे. काही महाभाग तर सरळ गॅसची ज्योत धरायचे.

आता इंडक्शन हीटर आला आहे. बेअरिंग आडव्या दांड्यात अडकवायचं, आकडा लावायचा, दोन-चार मिनिटांत ११० अंश, आणि शेवटी यंत्र स्वतःच त्यातलं चुंबकत्व उतरवतं, नाहीतर लोखंडाचा कीस त्याला चिकटत राहिला असता. धूर नाही, तेलाचा भडका नाही. थंड बसवायचं असेल तर दोन्ही रिंगांवर एकदम टेकणारी प्लॅस्टिकची कडी आणि नळी मिळते, बरोबर न उसळणारा हातोडा. विशीतला पोरगा पहिल्या दिवशी बेअरिंग सरळ बसवतो. इथं जुनी रीत हरली आणि हरली ते फार बरं झालं.

थंडीचा उपयोगही आम्ही करत होतो, गरिबीतला. बिडाच्या घरात बुश बसवायचा तर घर तापवण्यापेक्षा बुश गार करणं सोपं. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, फोडून मीठ घालायचं, त्यात बुश पुरून ठेवायचा. ५० मिलिमीटरचा गनमेटलचा बुश शून्याखाली अठरा-वीस अंशांपर्यंत उतरला, तर ०.०४ मिलिमीटर आकसतो. तेवढ्यात घाईनं बसवायचा, कारण हातातच तो पुन्हा फुगायला लागतो. आज मोठ्या कारखान्यांत द्रव नायट्रोजन वापरतात, शून्याखाली १९६ अंश. बुश अलगद सुटा जाऊन बसतो. पण मिठाच्या बर्फातून काढलेला बुश फडक्यात धरून धावणाऱ्या पोराची मजा त्यात नाही, हे कबूल करायला हवं.

सगळ्यात मऊ वस्तू म्हणजे चामडं. आणि तिचा संबंध इंजिनापेक्षा पाण्याशी जास्त आला.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअर घेतले गेले आणि त्यांवर हातपंप आले. सुरुवातीचे बिडाचे पंप पटापट मोडत. घरगुती वापराचं ते यंत्र, त्यावर अख्खा गाव तुटून पडायचा. त्यातून आधी जालन्याला आणि मग सोलापूरला मजबूत पंप घडवले गेले. याच सोलापूर पंपाच्या धर्तीवर युनिसेफ आणि भारत सरकारनं सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू तयार केला, जो पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. या पंपाचा प्राण जमिनीखाली असतो. बिडाच्या नळकांड्यात पितळेचं अस्तर, आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या. दट्ट्यावर पणतीच्या आकाराचे चामडी वॉशर, तोंड वर करून. दट्ट्या वर जाताना पाण्याच्या भारानं वॉशरचा काठ फाकतो आणि पितळेला चिकटून पाणी उचलतो.

हा वॉशर बसवणं बघण्यासारखं असायचं. कोरडा वॉशर कुणी बसवत नसे. आदल्या रात्री तो तेलात भिजत घालायचा. सकाळी बोटांत फिरवून बघायचा, कुठं कडक लागला तर अंगठ्यानं मळायचा. मग दट्ट्या नळकांड्याच्या तोंडाशी किंचित तिरका धरून काठाची एक बाजू आत सारायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी उरलेला काठ दाबत दाबत, फिरवत, आत घ्यायचा. काठ कुठं दुमडला तर दट्ट्या शंभर फूट खाली गेल्यावरच कळणार, आणि मार्क टूमध्ये तो वर काढायचा म्हणजे सगळे पाइप उपसणं आलं. तिपाई, चेनपुली, चार माणसं आणि एक दिवस. म्हणून त्या अर्ध्या मिनिटात कुणी बोलत नसे. पुढे मार्क थ्रीमध्ये ६५ मिलिमीटरचा पाइप आला, त्यातून दट्ट्या पाइप न उपसता वर घेता येतो. वॉशरही नायट्राइल रबराचे झाले. ते भिजवावे लागत नाहीत, सगळे एकाच मापाचे असतात आणि जास्त टिकतात. चामड्याचा एकच गुण त्यांच्यात नाही. चामडं थोडं कमी-जास्त माप सांभाळून घ्यायचं, झिजलेल्या पितळेशीही जमवून घ्यायचं.

घरोघरीच्या स्टोव्हच्या आणि सायकलच्या पंपातही हाच वॉशर असायचा. हवा लागेना की घरातलं कुणीही दट्ट्या काढून त्याला खोबरेल लावायचं, काठ बोटानं फुलवायचं आणि परत घालायचं. सहावीतल्या पोरालाही ते येत होतं. आज सायकल पंप बिघडला की फेकतात. स्वस्त असतो, त्यामुळे त्यात फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, पण मऊ काठ सांभाळत गोल भोकात घालण्याचं शिक्षण घरात फुकट मिळायचं, ते बंद झालं.

ते शिक्षण आजही लागतं, कारण ऑइल सील आहेत. हे काम अजून यंत्रानं पुरतं ताब्यात घेतलेलं नाही. शाफ्टच्या टोकाला चावीची खाच असते, आटे असतात, आणि त्यांच्या धारेवरून सीलचा रबरी ओठ सरकवावा लागतो. आमचे वस्ताद टाकाऊ एक्स-रे फिल्म धुऊन तिचा शंकू करायचे, शाफ्टवर चढवायचे, वर ग्रीस, आणि त्यावरून सील घसरवायचे. आता काही सीलसोबत प्लॅस्टिकची नळी येते. शिवाय टेफ्लॉनच्या ओठाचे सील आले आहेत, ते बरेचदा कोरडेच बसवायचे असतात. इथं जुना अनुभव आडवा येतो, कारण हात आपोआप ग्रीसच्या डब्याकडे जातो. उलट ब्रेकच्या रबरी वॉशरना खनिज तेल किंवा साधं ग्रीस लागलं की ते फुगून निकामी होतात. जुन्या मेकॅनिकांकडे त्यासाठी एरंडेलाची बाटली वेगळी असायची, आणि पूर्वी ब्रेक ऑइलातच एरंडेल असे. कमानपाट्याचे रबरी बुश साबणाच्या पाण्यानं घालायचे, ते आजही तसेच घालतात.

हायड्रॉलिक प्रेस आता बहुतेक शेडमध्ये आहे. मोटारींच्या कारखान्यांतली नवी प्रेस तर प्रत्येक बुश बसताना किती जोर लागला याचा आलेख काढते आणि तो वेडावाकडा गेला की माल बाजूला सारते. पूर्वी हे काम कान करायचा. बुश खांद्याला टेकला की ठोक्याचा आवाज बद्द न येता खणखणीत यायचा आणि वस्ताद पाठमोरा असला तरी म्हणायचा, "बास, बसला." गल्लीतल्या साध्या प्रेसला मात्र आलेखही नाही आणि कानही नाही. बुश तिरका असला तरी ती त्याला सोलून आत घालते. माझ्या मते आज सगळ्यात जास्त बुश तिथंच मरतात.

तेव्हा वाचकहो, पंपाचा किंवा मोटरसायकलचा नवा सील बसवून महिन्याच्या आत गळू लागला, तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी तो सील बाहेर काढून उजेडात धरा आणि ओठावरून नख फिरवा. कुठं बारीक चीर लागली, तर ती बहुधा बसवतानाच पडलेली असते. दुसरा सील घेताना शाफ्टच्या खाचेवर गुंडाळायला प्लॅस्टिकचा पातळ तुकडा सोबत न्या आणि मेकॅनिकला तो समोर उभं राहून वापरायला लावा.