मोजणीत न मावणारा तालुका

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात गारफिल्ड नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. पसारा सुमारे 12 हजार चौरस किलोमीटरचा. आख्खा सांगली जिल्हा आत बसवला तरी वर जागा उरेल. आणि माणसं जेमतेम बाराशे! आमच्याकडं यात्रेच्या दिवशी कुस्तीच्या फडाभोवती याहून दाटी असते. तिथल्या शिरगणतीवाल्याचं काम मात्र सोपं असणार. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात ते तसं नाही.

पेठ नाक्यावर महामार्ग सोडून पश्चिमेला वळलं की तालुका हळूहळू उलगडतो. मांगले-सागावच्या अंगाला ऊसच ऊस. कोकरूड, चरण, आरळा करत मणदूरकडं सरकावं तसा उसाचा तोरा उतरतो, भाताची खाचरं येतात, माती तांबडी होते आणि डोंगर अंगावर येतात. दक्षिणेला वारणा. तिच्या पल्याड कोल्हापूर जिल्हा, पण सोयरिकींनी ती हद्द कधी मानली नाही. कागदावर आम्ही बरेच हिंडलो. इंग्रजांच्या काळात शिराळा हा वाळवा तालुक्याचा पेठा, जिल्हा सातारा. 1949 साली दक्षिण सातारा निघाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. माणसं जागेवरच, पत्ते तेवढे बदलत गेले.

बत्तीस गावांचं म्हणून बत्तीस शिराळा, असं जुनी माणसं सांगतात. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथं आहे. 1689 साली कैद झालेल्या संभाजी महाराजांना सोडवण्याचा प्रयत्न इथल्या भुईकोटाजवळ झाला, ही हकिकत तर गावात अशी सांगतात की जणू परवा घडली. मला मात्र जास्त ओढ बिळाशीची. 1930 साली तिथं जंगल सत्याग्रह पेटला. जंगलचा कायदा मोडून तोडलेल्या सागाच्या खोडावर झेंडा चढवला आणि तो राखायला बायका पुढं उभ्या राहिल्या. गडकोटांवर पुस्तकं निघतात. या बायकांच्या वाट्याला फार तर एखादं पान येतं.

पुढं भांडण झालं ते पाण्याचं, जिल्ह्याच्या दोन पुढाऱ्यांत. वारणेवर धरण खुजगावला हवं असं राजारामबापूंचं म्हणणं, तर वसंतदादांचा कौल चांदोलीला. सभा तापल्या, घराघरांत दोन तट पडले. शेवटी धरण चांदोलीला झालं. 34 टीएमसीचा वसंतसागर. पाण्यापायी आणि नंतर अभयारण्यापायी डोंगरातली गावं उठली आणि खाली पांगली. 2004 साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. आता वाघाची मोजणी कॅमेऱ्यानं होते, चुकूनही चुकत नाही.

माणसांची चुकते. 2011 च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर भरली, जिल्ह्याची 28 लाख 22 हजार. पण वरच्या अंगाचे गडी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. आधी गिरणी, मग गोदी, मग माथाडी. त्यांची शिरं तिकडं मोजली गेली. जमिनीचे वाद, लग्नं आणि मयती मात्र इकडं. खोलीचं भाडं मुंबईला भरायचं आणि घराचा पत्रा गावाकडं बदलायचा, हा हिशेब कुठल्या रकान्यात मांडणार?

ही सगळी माणसं एकदम दिसायची ती नागपंचमीला. मंडळाची पोरं शिवारात नागाचा माग काढत. बांध, बीळ, ओली माती, सगळं वाचता यायचं त्यांना. भूगोलाच्या मास्तरालाही इतकं जमलं नसतं. पकडलेला नाग मडक्यात ठेवून सांभाळत, पूजेनंतर सोडून देत. उच्च न्यायालयानं जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणूक थांबवली. नागाच्या जिवाचा विचार केला तर मला ते पटतं, फक्त हे गावात मोठ्यानं बोलत नाही. 2025 साली केंद्रानं अभ्यासापुरते 21 नाग धरायला परवानगी दिली, तेव्हा गावाला उधाण आलं.

पुढची जनगणना 2027 ला आहे, नेहमीसारखी फेब्रुवारीत. ती पंचमीला घेतली तर शिराळ्याचा आकडा खरा निघेल. पण मग श्रावणातल्या पावसात मणदूरला घरोघर फिरायला कोणता मास्तर तयार होईल, हेही सरकारनंच बघावं.