एका चावीची गाडी

ऑस्टिन-हीली स्प्राइट ही इंग्लंडची चिमुकली स्पोर्ट्स कार २० मे १९५८ रोजी माँटे कार्लो येथे लोकांपुढे आली. बॉनेटवर उभ्या राहिलेल्या दोन गोल दिव्यांमुळे इंग्रजांनी तिचे नाव बेडूकडोळी ठेवले आणि तेच रूढ झाले. लांबी जेमतेम साडेतीन मीटर, इंजिन ९४८ सीसीचे, ताकद ४३ अश्वशक्ती. डोनाल्ड हीली यांच्या वॉरिक येथील कंपनीने तिची आखणी केली आणि ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यात ती तयार होऊ लागली. गाडी स्वस्त ठेवायची हा पहिल्यापासूनचा हट्ट होता. हीटर तर सोडाच, पुढचा बंपरसुद्धा वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे.

या गाडीला एकच चावी पुरत असे, कारण कुलूप लावण्याजोगे तिच्यात दुसरे काही नव्हतेच. दारांना बाहेरून मूठ नाही. बाजूचा पारदर्शक पडदा सरकवायचा, हात आत घालायचा आणि आतली कडी ओढायची. डिकीला झाकण नाही. सीटची पाठ पुढे पाडून सामान मागच्या अंधाऱ्या पोकळीत ढकलायचे; स्टेपनीही तिथूनच ओढून काढायची. उरली ती इग्निशनची चावी. डॅशबोर्डवरच्या स्विचच्या मधोमध ती बसे आणि तिच्याभोवतीचा खटका फिरवला की दिवे लागत. चावी फिरवून इंजिन मात्र सुरू होत नसे. त्यासाठी स्टार्टरचा वेगळा दट्ट्या ओढावा लागे. चावीने वीज सोडायची आणि हाताने इंजिन जागे करायचे, ही विभागणी आजही मोहक वाटते. यंत्र कोणत्या क्रमाने जागे होते, ते चालवणाऱ्याच्या बोटांना त्यामुळे आपोआप कळते.

पुढे सोयी वाढल्या तशा चाव्याही वाढल्या. १९६१ च्या दुसऱ्या आवृत्तीत डिकीला झाकण आले आणि त्याबरोबर कुलूपही. त्याच वर्षी तिची जुळी बहीण एमजी मिजेट निघाली. १९६४ मध्ये वरखाली होणाऱ्या काचा आल्या, दारांना बाहेरच्या मुठी बसल्या, त्यांनाही कुलपे आली. सत्तरच्या दशकात स्टिअरिंग लॉकची भर पडली. पेट्रोलच्या टाकीसाठी कुलपाचे झाकण मालक बाजारातून आणून बसवीत, त्याची चावी आणखी वेगळी. १९७९ मध्ये मिजेटचे उत्पादन थांबले, तोवर एवढ्याशा गाडीच्या मालकाच्या खिशात घराच्या चाव्यांइतका जुडगा खुळखुळू लागला होता.

हा जुडगा कमी करता येतो, आणि तो मार्ग त्या काळच्या कुलपांच्या घडणीतच दडलेला आहे. कुलपाच्या बॅरलमध्ये पातळ पितळी पत्त्या असतात. प्रत्येक पत्तीला मध्ये खाच असते आणि मागून बारीक स्प्रिंग तिला बाहेर रेटत असते. चावीचे दात योग्य उंचीचे असतील तर सगळ्या पत्त्या बॅरलच्या आत समतल होतात आणि बॅरल फिरते. एक जरी पत्ती वर राहिली तरी ते अडते. पत्त्या ठरावीक उंचींच्या असल्याने वेगवेगळ्या चाव्यांची संख्याही मर्यादितच राही. ब्रिटिश गाड्यांत सर्रास आढळणारी एफएस मालिका ८७६ पासून ९५५ पर्यंत, म्हणजे अवघ्या ८० क्रमांकांची आहे. हा क्रमांक पुष्कळदा कुलपाच्या तोंडावरच कोरलेला असे. चोराच्या दृष्टीने ही मोठीच सोय; पण जुनी गाडी जपणाऱ्यालाही आज तीच उपयोगी पडते.

एक चावी करण्याचा सोपा उपाय म्हणजे एकाच क्रमांकाची बॅरले मिळवून ती इग्निशन, दार आणि डिकी या तिन्ही ठिकाणी बसवणे. बॅरल सहसा एका बारीक खिळीने अडकवलेले असते. चावी घालून ते थोडे फिरवायचे, भोकातून तार घालून खिळी दाबायची, की ते अलगद बाहेर येते. जुळती बॅरले मिळाली नाहीत तर पत्त्याच बदलाव्या लागतात. एका बॅरलच्या पत्त्या काढून दुसऱ्यात अशा क्रमाने लावायच्या की हवी ती चावी चालावी. स्वच्छ कापड अंथरून, उजेडात आणि घाई न करता करायचे हे काम आहे, कारण उडालेली स्प्रिंग सापडत नाही. नडणारी पत्ती कानशीने घासून टाकण्याचा मोह टाळलेला बरा. अशी घासाघीस केली की कुलूप ढिले पडते आणि नको त्या चावीनेही उघडू लागते.

स्टिअरिंग लॉक या जुळणीत सहसा येत नाही. त्याचे बॅरल निराळे असते आणि चावीचा आडवा छेदही निराळा. चोराला सहज सोडवता येऊ नये म्हणून ते डोके तुटून पडणाऱ्या बोल्टांनी जखडलेले असते. केवळ एक चावी वाचावी म्हणून ते उखडणे शहाणपणाचे नाही. ज्या गाडीत ते आहे तिच्यासाठी दोन चाव्या हाच प्रामाणिक हिशेब.

नवी चावी करताना झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढू नये. तिची झीजही नव्या चावीत उतरते. क्रमांकावरून कापलेली चावी कारखान्यातून निघाल्यासारखी नेमकी बसते. कुलपात तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड घालावी, कारण तेलात धूळ चिकटून पत्त्या जड होतात. सजावट हवी असेल तर चामड्याची एखादी पातळ पट्टी पुरे. जड जुडगा इग्निशनला लोंबकळत राहिला की खाचखळग्यांच्या रस्त्यावर तो सतत हिंदकळतो आणि जुना स्विच झिजवतो. म्हणून गाडीची चावी घराच्या चाव्यांपासून वेगळीच ठेवावी. तिचा क्रमांक गाडीच्या कागदपत्रांत टिपलेला असावा, आणि बॅरल बदललेले असेल तर नवा क्रमांक जुन्यापुढे तारखेसह लिहावा.