अहवालात उरलेली मराठी

'इतिहासाची साधने' हा शब्दप्रयोग मराठीत उच्चारला की सुशिक्षित वाचकाच्या मनापुढे मोडी लिपीतले रुमाल उभे राहतात. वि. का. राजवाडे यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि १९३०नंतरच्या थोड्याच वर्षांत गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. या उद्योगाविषयी आदर बाळगूनच एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याने आपल्या मनात 'साधन' या संकल्पनेची एक सीमारेषा आखून ठेवली, आणि ती साधारणपणे १८१८पाशी येऊन थांबते. सनद हे साधन, खलिता हे साधन. पण गिरणीच्या दारात वाटलेले हस्तपत्रक, सत्यशोधकी जलशाची एक-दोन पैशांची चोपडी किंवा आठवड्याला निघणारे चार पानी पत्र यांना साधनाची प्रतिष्ठा मिळायला फार उशीर झाला. तोवर त्यांतील बराच भाग रद्दीच्या वाटेने गेला होता.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या आधीच्या पिढीतले गिरणीकामगार आपल्या स्थितीविषयी कोणत्या मराठीत बोलत असतील, या कुतूहलातून मी ग्रंथालयांच्या आणि दफ्तरखान्यांच्या पायऱ्या चढू लागलो. कुतूहल वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचे होते, इतिहासकाराचे नव्हे. मला मागण्या ठाऊक होत्या. हवी होती ती वाक्ये.

मागण्या सर्वांनाच ठाऊक आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. हा मजकूर अभ्यासकांच्या हाती आहे तो इंग्रजीत, कारण ज्या फॅक्टरी कमिशनपुढे तो ठेवायचा होता त्याची भाषा इंग्रजी होती. सभा मात्र इंग्रजीत झाली असण्याची सुतराम शक्यता नाही. तेव्हा मी वर जो 'सूर्यास्त' लिहिला तो कोणाचा? तिथे जमलेला कोकणातला किंवा घाटावरचा माणूस 'दिवस मावळेपर्यंत' म्हणाला असेल, 'दिवस बुडेपर्यंत' म्हणाला असेल, 'दिवेलागणीपर्यंत' म्हणाला असेल. शेतातली वेळ आणि भोंग्याची वेळ यांच्या संघर्षाचा सारा इतिहास त्या एका शब्दाच्या निवडीत सापडला असता. 'अर्धा तास विश्रांती' या पदाचेही तेच. भाकरी खाण्याच्या सवडीला अर्ध्या तासाचे माप लावायला तो माणूस नेमका केव्हा शिकला, हा सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे आणि भाषेचाही.

ज्या पत्रात ही वाक्ये मिळावीत ते 'दीनबंधु'. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ साली पुण्यात काढले आणि १८८०पासून लोखंडे यांनी मुंबईत चालवले. त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या अंकांचा सलग संच उपलब्ध नाही. त्या पत्राविषयी आपण आज जे ठामपणे सांगतो त्यातला मोठा भाग एका विलक्षण मध्यस्थाकडून आलेला आहे. मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत देशी वृत्तपत्रे वाचली जात, सरकारच्या दृष्टीने दखलपात्र असलेल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा तयार होई, आणि दर आठवड्याला तो गोपनीय अहवाल म्हणून छापून मोजक्या अधिकाऱ्यांकडे जाई. मुंबईचा दफ्तरखाना १८२१चा. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या दगडी इमारतीत हे अहवाल वर्षवार बांधून ठेवलेले आहेत. पत्रे गेली, पाळतीचे कागद राहिले.

या अहवालांविषयी तुच्छतेने बोलण्याची एक पद्धत आहे, ती मला मान्य नाही. भाषांतरकार बहुधा एतद्देशीय, शिकलेले, आपल्या कामात निष्णात असे लोक होते आणि त्यांचे इंग्रजी काटेकोर आहे. अडचण त्यांच्या प्रामाणिकपणाची नाही, गोषवारा या प्रकाराची आहे. गोषवाऱ्यात सगळी पत्रे एकाच आवाजात बोलू लागतात. पुण्याचा शास्त्री, मुंबईचा पारशी आणि सत्यशोधक मंडळींतला माळी संपादक हे सारेच अदबशीर, कर्मणी प्रयोगातल्या इंग्रजीत 'तक्रार करतात', 'सुचवतात', 'खेद व्यक्त करतात'. शिवी गळते, म्हण गळते, उपरोध तर पहिल्याच चाळणीत जातो. ज्यांनी जोतीराव फुल्यांचे गद्य वाचले आहे त्यांना या गळतीचे मोल वेगळे सांगायला नको. त्या परंपरेत रागाचा व्याकरणाशी संबंध असतो. वाक्य लांबत जाते ते संतापामुळे. 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त आली आणि पुढली छापण्याचे लोखंडे यांनी थांबवले, यावरून फुले त्यांच्यावर चिडले होते. ग्रंथ हाती आहे म्हणून त्यातली भाषा आपण जाणतो. समजा तो नसता आणि अहवालातला परिच्छेद तेवढा उरला असता, तर शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाविषयी आणि भटभिक्षुकांविषयी तक्रार करणारा कोणी एक सुजाण गृहस्थ, एवढेच फुल्यांचे चित्र आपल्यापुढे राहिले असते.

उलट बाजू पाहावी. १९०८ साली 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तील लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. तेव्हा त्यांच्या बचावाचा मोठा भाग भाषांतराविषयी होता. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी स्वतः उलटतपासणी घेतली. अमुक मराठी शब्दाला तमुक इंग्रजी शब्द लावल्याने अर्थ कसा भडक होतो, हे ते न्यायालयाला सांगत राहिले. सहा वर्षांची शिक्षा चुकली नाही ती नाहीच. पण मूळ मराठी अंक टेबलावर होता आणि आजही आहे. भाषांतराशी भांडता येण्यासाठी मूळ संहिता शिल्लक असावी लागते. 'केसरी'ची फाइल वाड्यात जपली गेली, कारण त्या पत्रामागे संस्था होती, जागा होती, आपला शब्द उद्याही लागणार आहे असा विश्वास होता. 'दीनबंधु'च्या वाट्याला यातले काय आले? स्वतः लोखंडे १८९७च्या प्लेगात गेले.

शब्द टिकतो तो कर्त्याच्या थोरवीमुळे, असे वाङ्मयेतिहासात गृहीत धरलेले असते. दफ्तरात वावरणाऱ्याचा अनुभव निराळा आहे. पुण्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिते, तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून येतो. तो आज वाचता येतो याचे एक कारण तरी असे की मिशनऱ्यांना आपल्या नियतकालिकाच्या फायली बांधून ठेवण्याची शिस्त होती. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात निघाला, प्रती ५००, किंमत नऊ आणे. फुल्यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, त्यानंतर पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले. मधली नव्वदाहून अधिक वर्षे मराठी समीक्षा स्त्रियांच्या गद्याविषयी जे काही बोलली, ते या पुस्तकाला वगळूनच.

१८६७च्या पंचविसाव्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद आणि प्रत सरकारात देणे सक्तीचे झाले. शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ साली निघाली. एका माणसाने घेतलेल्या त्या श्रमाचे ऋण मराठी विद्यापीठांनी अजून फेडलेले नाही. मी ती सूची कादंबरीसारखी वाचतो. कोणत्या दशकात कोणत्या विषयाला वाचक मिळत होता, कोणत्या गावी छापखाना पोहोचला होता, हे तीतून उलगडत जाते. पण सूचीत पुस्तक असणे निराळे आणि हाती येणे निराळे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची ब्लूमहार्टकृत सूची १८९२ची आहे. इथे न सापडलेली चोपडी तिथे निघते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला आणि तिची संगणकावरची सूची काही महिने बंद पडली, तेव्हा आपल्याच पणजोबांचे छापील शब्द किती दूरच्या कुलपात आहेत, हे पुन्हा एकदा कळले.

दूरच्या कुलपाविषयी बोलताना घरच्या कात्रीला विसरून चालणार नाही. नियतकालिके बांधताना बाइंडर वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकतो. सामाजिक इतिहासाला नेमके तेच हवे असते: वर्गणीचे दर, पोच दिलेल्या वर्गणीदारांची गावे, औषधांच्या आणि खानावळींच्या जाहिराती. माझ्या ओळखीच्या एका जुन्या ग्रंथालयात साप्ताहिकांचे तीन गठ्ठे जागेअभावी वजनावर विकले गेले. दाखलनोंदवहीत त्यांच्यापुढे लाल शाईने 'निर्लेखित' एवढा शब्द आहे. तिथल्या ग्रंथपालांना दोष देणे सोपे आहे. पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीत, अपुऱ्या अनुदानावर, रोज नव्या कादंबरीची मागणी करणाऱ्या सभासदांना तोंड देत ते काम करीत होते. तरीही त्या गठ्ठ्यांत काय होते, हा विचार मनातून जात नाही.

यातून माझ्यापुरता एक निर्णय मला घ्यावा लागला. अहवालातला इंग्रजी गोषवारा आपल्या लेखनात आणताना बरेच अभ्यासक त्याचे मराठी करतात आणि अवतरणचिन्हांत घालतात. वाचकाला वाटते, 'दीनबंधु' असे म्हणाला. वास्तविक ते विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या प्राध्यापकाचे मराठी असते, एकोणिसाव्या शतकातल्या कारकुनाच्या इंग्रजीवरून उतरवलेले. मी अवतरणचिन्हे काढून टाकली. अहवालानुसार 'दीनबंधु'चे म्हणणे असे असे, एवढेच लिहितो. विद्यार्थी विचारतात, मग या लेखनाच्या शैलीविषयी काय लिहायचे? शैलीविषयी काही लिहू नये, असे मी सांगतो. जिथे अंक सापडतो तिथेच शैलीची चर्चा करावी.

पुढच्या काळातल्या अहवालांना वृत्तपत्रांची एक यादी जोडलेली असते. पत्राचे नाव, गाव, संपादकाचे नाव, त्याची जात, वय आणि खप असे तिचे रकाने आहेत. सरकारने या माणसांची भाषा नोंदवली नाही. जात आणि वय मात्र न चुकता नोंदवले. त्या यादीवरून मी गावांची नावे वहीत उतरवून घेतो आणि सुट्टीत त्यांतल्या एखाद्या गावी जातो. जुन्या छापखान्याचे घर कोणते, वारस कोण, माळ्यावर पेट्या आहेत का, अशी चौकशी करतो. बहुतेक ठिकाणी पेट्यांत लग्नपत्रिका आणि पंचांगे निघतात. गेल्या दिवाळीनंतर एका घरी पंचांगाला वेष्टन म्हणून घातलेले वृत्तपत्राचे एक अर्धे पान मिळाले. नाव फाटून गेले आहे, तारीखही नाही. सावकाराविषयीचा मजकूर आहे, आणि वाक्य पानाच्या कडेपर्यंत जाऊन तुटले आहे.