कवेलू फेरताना

पावसाळ्याच्या तोंडाशी चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या खेड्यांतून जावं, तर घराघरांवर माणसं चढलेली दिसतात. वानरांनी फोडलेलं कवेलू काढायचं, सरकलेलं नीट बसवायचं, वाळवीनं खाल्लेलं लाकूड बदलायचं. हे काम छप्पर गळत नसतानाच करायचं असतं. गळू लागल्यावर फक्त खाली बादली ठेवता येते!

माझा व्यवसाय संकेतस्थळं सांभाळण्याचा. ऐकायला भारदस्त वाटतो. पण वाचकहो, मीही कवेलू फेरणाराच. लोकांना वाटतं, संकेतस्थळ एकदा बांधलं की झालं. तिथं लाकूडच नाही, मग वाळवी कशाला लागेल? लागते, महाराज! ज्या प्रणालीवर ते उभं असतं तिच्या नव्या आवृत्त्या निघतात, जुनीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा होतात, प्रमाणपत्राची मुदत संपते. आपण हातही न लावता घर जुनं होत जातं.

१ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर स्वतः करू लागला. सोय मोठी झाली. पण ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांचा अर्थ पुण्यात एक कप चहा, तर भामरागड-एटापल्लीकडे एक बुडालेली मजुरी! कुठल्याशा अर्जाच्या अखेरच्या दिवशी एका सेवाकेंद्रात मी बसलो होतो. आदल्या रात्री नवी आवृत्ती चढवल्याची सूचना पडद्यावर झळकत होती आणि तिच्याखाली चक्र फिरत होतं. दूरवरून आलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, “आज नाही होत का जी? मग उद्या येतो.” उद्याची तारीख त्यांच्या कामाची नव्हती, हे त्यांना सांगायला कुणाचीच जीभ रेटेना.

तेव्हापासून माझे काही नियम पक्के झाले आहेत. मुदतीच्या आठवड्यात नवी आवृत्ती चढवायची नाही. बदल आधी नकलेवर करून पाहायचा, मग मूळ स्थळावर; आणि मागं फिरायची वाट मोकळी ठेवायची. सगळं एकदम बदलण्यापेक्षा थोडं थोडं, वरचेवर बदलावं, म्हणजे बिघाड कुठं झाला ते सापडतं. काय बदललं ते वहीत लिहावं. राखीव प्रत नुसती ठेवू नये, ती उघडून, पुन्हा उभी करून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न चाखलेलं लोणचं!

परीक्षा घ्यायची ती शहरातल्या वेगवान जोडणीवर नव्हे. जुन्या फोनवर, झाडाखाली उभं राहून मिळणाऱ्या रेंजवर. नमुन्याला नेहमीचे ‘राम पाटील’ घेऊ नयेत. आत्राम घ्यावेत, उसेंडी घ्यावेत, कऱ्हाडे तर घ्यावेतच. कारण आपलं ‘ऱ’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं. डोळ्यांना एकच दिसतं, यंत्राला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात!

दिवाळीत घर झाडताना आपल्या दुकानाच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळाचीही चौकशी करा. त्याचा राखणदार कोण, आणि राखीव प्रत शेवटची कधी उघडून पाहिली, एवढंच विचारा. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर फराळानंतरचं पहिलं काम ठरलं!