पुलावरची मोजणी

गर्दी मोजायची तर ती रुंद रस्त्यावर मोजू नये, अरुंद पुलावर मोजावी. आम्हां कारध्याच्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. वैनगंगेवरचा आमचा जुना पूलच तसा आहे.

रक्तातल्या पेशीही अशाच मोजतात, हे मला भाचीच्या तान्ह्या मुलामुळे कळले. महिना उलटला तरी त्याची नाळ गळेना. जखम चिघळे, पण पू म्हणून धरीत नसे. अखेर त्याचे रक्त परळला, केईएमच्या आवारातील इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेत तपासले.

तिथे रक्तात प्रतिपिंडे मिसळतात. हे मोठे मानी पाहुणे! एकाच प्रथिनाच्या घरी उतरतील, शेजारी ढुंकूनही पाहणार नाहीत. त्यांना चमकता रंग जोडण्याची युक्ती हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली साधली. मग पेशी एका रांगेत लेसरच्या झोतासमोरून जातात. प्रथिन असेल ती उजळते, नसेल ती अंधारीच राहते. सेकंदाला हजारो पेशींची अशी झडती होते.

बाळाच्या पांढऱ्या पेशी अंधाऱ्याच राहिल्या. रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून जखमेकडे उतरायला लागणारे सीडी-१८ हे प्रथिन त्यांच्यावर नव्हतेच. शिपाई पुष्कळ, पण पुलावरून उतरता येईना!

तोवर घरात बोल लागत होता तो एकट्या भाचीला. कुणी तिच्या दुधाला नावे ठेवी, कुणी पायगुणाला. त्या कागदाने सांगितले, की हा दोष आईबाप दोघांकडून निम्मा निम्मा आला आहे. तोंडे मिटली. आता थोरल्या बहिणीची अस्थिमज्जा बाळाला जुळते का, ते पाहत आहेत.